अनडूचं बटण आणि हुतात्मा एक्स्प्रेस

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये निम्मा डबा आयटीवाल्यांचा असतो. पाठीवर लॅपटॉपची बॅग, कानात इअरफोन आणि मोबाइलमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवलेले एपिसोड, कारण दौंड सोडलं की रेंजचा भरवसा नाही. मागच्या महिन्यात माझ्या शेजारी कॉलेजचा मित्र बसला होता. त्याच्या स्क्रीनवर मालिकेचा नायक मेला. पाऊस, रक्त, व्हायोलिन, सगळं साग्रसंगीत. मी तिरक्या नजरेनं बघत होतो, पण मलाही जरा गलबलून आलं. विचारलं, "गेला का रे?" तो चिप्सचं पाकीट पुढे करत म्हणाला, "टेन्शन नको घेऊ बे. पुढच्या एपिसोडला दुसऱ्या टाइमलाइनमधला येतोय."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. मित्राशी माझं भांडण नाही, चिप्स त्याचेच खाल्ले. पण गेल्या दहाएक वर्षांत टाइम ट्रॅव्हल आणि मल्टिव्हर्सच्या मालिकांनी आपल्याला जे शिकवलंय, ते त्या एका वाक्यात आलं. मेला तरी चालतंय, दुसरा आहे. चुकलं तरी चालतंय, मागे जाऊ. विज्ञानकथेच्या नावाखाली आपल्याला अनडूचं बटण विकलं जातंय, आणि ते विज्ञानही नाही आणि कथाही नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी यंत्र उघडून बघू. पडद्यावरचा काळप्रवास ढोबळमानानं तीन पद्धतींनी चालतो.

पहिली पद्धत: जे झालं ते झालं. तुम्ही भूतकाळात जाऊ शकता, पण तुमचं तिथे जाणंही इतिहासात आधीपासून धरलेलं असतं. तुम्ही अपघात टाळायला जाता आणि तुमच्या जाण्यामुळेच अपघात होतो. याला भौतिकशास्त्रात थोडा आधार आहे. कुर्ट गोडेलनं १९४९ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर काढून दाखवलं की ज्यात काळाची वाट वळून स्वतःलाच येऊन मिळते. पुढे इगोर नोविकोव या रशियन शास्त्रज्ञानं मांडलं की अशा वाटेवर फक्त स्वतःशी सुसंगत अशाच घटना घडू शकतील. म्हणजे आजोबांना मारायला गेलात तर बंदूक अडकेल, पाय घसरेल, काहीही होईल, पण आजोबा वाचतील.

दुसरी पद्धत: पाटी एकच, पुसायची आणि पुन्हा लिहायची. 'बॅक टू द फ्युचर' (१९८५) हे तिचं लाडकं उदाहरण. आईबाबांची भेट चुकली की खिशातल्या फोटोतली भावंडं पुसट व्हायला लागतात. विज्ञान म्हणून ही पद्धत सगळ्यात लंगडी, पण गोष्ट म्हणून सरळ.

तिसरी पद्धत: फांद्या. ह्यू एव्हरेटनं १९५७ साली पुंजयांत्रिकीचा जो अर्थ लावला, त्यातून ही कल्पना लोकप्रिय झाली. प्रत्येक शक्यता कुठे ना कुठे घडते आणि विश्वाला फांद्या फुटत जातात. भूतकाळात जाऊन तुम्ही काही बदललंत तर जुनं विश्व बदलत नाही. नवी फांदी फुटते, एवढंच.

आता प्रत्येक पद्धतीची किंमत बघा. पहिलीत तुमचं स्वातंत्र्य जातं. दुसरीत मधल्या काळात जे जे जन्मलं, ते सगळं पणाला लागतं. तिसरीची किंमत मला सगळ्यात क्रूर वाटते. समजा, तुमची आई वारली आणि तुम्ही मागे जाऊन तिला वाचवलंत. नव्या फांदीत ती वाचली. पण ज्या फांदीतून तुम्ही निघालात, तिथे ती मेलेलीच आहे. वर आता तिथून तुम्हीही गायब झालात. वडील एकटेच चहा करतायत. तुम्ही कुणालाच परत आणलं नाहीत, फक्त घर बदललंत.

आजच्या बहुतेक मालिका तिसऱ्या पद्धतीचं तिकीट काढतात आणि दुसऱ्या पद्धतीच्या डब्यात जाऊन बसतात. शास्त्रीय वजन हवं म्हणून संवादात 'ब्रँच' आणि 'क्वांटम' येतं. प्रेक्षकाला मिळणारा दिलासा मात्र पुसलेल्या पाटीचा असतो. सोडून आलेल्या फांदीतल्या माणसांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही, कारण कॅमेराच तिकडे जात नाही.

उदाहरण घेतो. 'द फ्लॅश' या मालिकेत बॅरी ॲलन मागे जाऊन आईला वाचवतो. मग चूक उमगते म्हणून पुन्हा मागे जाऊन ते निस्तरतो. परत येतो तेव्हा जग जवळपास पहिल्यासारखं झालेलं असतं. जवळपास. त्याच्या मित्राला, डिगलला, आधी एक लहान मुलगी होती, सारा. आता तिच्या जागी मुलगा आहे, आणि तो पहिल्यापासून होताच असं सगळ्यांना आठवतंय. एक मूल जगातून पुसलं गेलं आणि ते बॅरीशिवाय कुणाला माहीतही नाही! खरं तर पुढची सगळी मालिका यावर उभी राहायला हवी होती. प्रत्यक्षात थोडा अपराधगंड, थोडा राग, आणि गाडी पुढच्या खलनायकाकडे. काही वर्षांनी सगळी विश्वं पिसून एकत्र केली, तेव्हा मुलगी परत आली. अनडू, मग रीडू.

चित्रपटाचं म्हणाल तर 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९). मधल्या भागात पात्रं ठासून सांगतात की भूतकाळ बदलला म्हणून आपलं वर्तमान बदलत नाही. शेवटी म्हातारा स्टीव्ह रॉजर्स बाकावर बसलेला दिसतो. तो तिथे आला कुठून? यावर पटकथाकारांनी एक उत्तर दिलं आणि दिग्दर्शकांनी दुसरं. अब्जावधी डॉलर कमावणाऱ्या गोष्टीचा नियम काय, यावर ती रचणाऱ्यांचंच एकमत नाही. आमच्या ऑफिसात असं डिझाइन रिव्ह्यूला घेऊन गेलो असतो तर चहा यायच्या आत बाहेर काढलं असतं.

ऑफिसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही अनडूची चटक कामातूनच लागते. गिटमध्ये ब्रँच काढायला सेकंदही लागत नाही. चुकलं तर रिव्हर्ट करा, कालच्या कमिटवर जा. पण ज्यानं एकदा तरी रात्रीचा डिप्लॉयमेंट सांभाळलाय, त्याला ठाऊक असतं की ब्रँच काढणं फुकट आहे, मर्ज करणं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या एका चुकलेल्या अटीमुळे हजारो ग्राहकांना पैसे थकल्याचे एसएमएस गेले. ज्यांचं काही थकलं नव्हतं, त्यांनाही. दोन मिनिटांत कोड रोलबॅक केला. एसएमएस रोलबॅक झाले नाहीत. रात्री दीड वाजता कुणाच्या तरी उशाशी फोन वाजला, कुणीतरी दचकून उठलं, ते उठलंच. कोड मागे जातो. त्यानं बाहेरच्या जगात जे केलं, ते मागे येत नाही. कॉलेजमधल्या चार वर्षांत न कळलेलं काहीतरी मला त्या रात्री कळलं.

निसर्गाचंही तसंच आहे. भविष्याकडे जाणारा काळप्रवास खरा आहे, रोज चालू आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात नकाशावरची चूक दहा किलोमीटरच्या घरात जाईल. पुढे जायची वाट उघडी आहे. मागे यायची कुणाला सापडलेली नाही. ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परतला तेव्हा कित्येक युगं उलटली होती, ही पुराणातली गोष्ट 'आमच्याकडे सगळं होतंच' म्हणून फॉरवर्ड करणाऱ्या काकांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यातही राजाला मागे जाता आलेलं नाही. आलेल्या काळाशी त्याला जुळवून घ्यावं लागलं.

म्हणजे काळप्रवासाच्या मालिका करूच नयेत का? उलट, माझं म्हणणं आहे की चांगल्या करा. चांगल्या आहेतही. 'स्टार ट्रेक'चा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' हा १९६७ सालचा भाग बघा. कर्क ज्या बाईच्या प्रेमात पडलाय, ती जगली तर इतिहास नासणार आहे. तिला वाचवणं त्याच्या हातात आहे आणि तो हात आवरतो. पन्नास मिनिटांत संपतं, पण नंतर जेवण जात नाही. जर्मन 'डार्क' (२०१७-२०) मध्ये तर नायक-नायिकेला कळतं की गाठ सोडवायची तर आपण जन्मलोच नव्हतो असं व्हायला हवं. ते तसं करतात. 'फॉर ऑल मॅनकाइंड' (२०१९ पासून) मध्ये काळयंत्रच नाही. चंद्रावर पहिला माणूस सोव्हिएत उतरला, एवढाच एक बदल, आणि मग दशकामागून दशक त्याचे परिणाम. कुणी मागे जाऊन दुरुस्त करत नाही. आणि 'लोकी'लाही न्याय द्यायला हवा. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये मेलेल्या पात्राची दुसरी प्रत आणून मालिका सुरू झाली, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो सगळ्या फांद्या स्वतःच्या हातात धरून एकटा बसतो. फुकट मिळालेल्या आयुष्याची किंमत त्यानं अखेर भरली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बिल कुणीतरी भरतं.

"आपल्याकडे हे होणार नाही, बजेट कुठंय?" हा यावरचा मराठी आक्षेप. आपल्या मालिकांत काळयंत्र नाही, 'लीप' आहे. जाहिरात संपते, वीस वर्षं उलटतात आणि सासूच्या चेहऱ्यावर सुरकुती नसते. पण बजेटचं कारण खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा मराठीतच आहे. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचं पानिपत' ही कथा. माझ्यासारख्या अनेकांना ती आधी अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' म्हणून भेटली आणि मूळ गोष्ट आपल्या भाषेतली आहे हे नंतर कळलं. कळल्यावर थोडी लाज वाटली.

या कथेत काळयंत्र नाही. एक ट्रक आहे, एक ग्रंथालय आहे आणि एका बखरीचं पान आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथे १४ जानेवारी १७६१ला मराठे पानिपतावर जिंकले होते. का जिंकले, तर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात चाटून गेली. नारळीकर बिजागरी दाखवतात, नेमकी. दार कुठे फिरलं, केवढ्याशा अंतरानं फिरलं. मग त्याला आधार म्हणून कॅटास्ट्रॉफी थिअरी आणि पुंजयांत्रिकीतली अनिश्चितता येते.

आणि आता मुख्य मुद्दा. त्या जिंकलेल्या जगात गंगाधरपंतांचं काय होतं? तिथे स्वर्ग नाही. मुंबई अजून इंग्रजांकडे आहे, भाडेपट्ट्यानं. पंतांचे स्वतःचे इतिहासाचे खंड तिथल्या ग्रंथालयात मिळतात, पण शेवटच्या खंडातला इतिहास वेगळाच आहे. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते म्हणून हा शेकडो सभा गाजवलेला माणूस जाऊन बसतो, बोलायला लागतो, आणि लोक त्याला हुसकावून लावतात, कारण तिथल्या समाजानं अध्यक्षीय भाषणं कधीच बंद केलीत. पानिपत जिंकलेल्या महाराष्ट्राला गंगाधरपंत नको आहेत! पर्यायी इतिहासाची इतकी खोडकर आणि इतकी प्रामाणिक किंमत मी पडद्यावर क्वचितच पाहिली. 'पानिपत जिंकलो असतो तर' म्हणून छाती फुगवणारे मेसेज दर संक्रांतीला येतात. पाठवणाऱ्याला खात्री असते की त्या जगात आपण सरदार असणार. आपण मुळात असणारच का, हा प्रश्न त्याला पडत नाही. नारळीकरांना पडला होता. २० मे २०२५ला ते गेले. त्यांच्या या कथेवर नीट बेतलेली एक सहा भागांची मालिका हे आपल्याला जमू नये?

आता माझ्या गावाकडे येतो. सोलापूरकडे स्वतःची पर्यायी टाइमलाइन आहे, आणि ती खरी घडलेली आहे. मे १९३०मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे हुतात्मा झाले. लोक इतके खवळले की इंग्रजी अंमल शहरातून अक्षरशः उठला. पुढचे काही दिवस सोलापूर इंग्रजांच्या ताब्यात नव्हतं. व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. देशाच्या सतरा वर्षं आधी. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला, लष्कर आलं, झेंडा घेऊन फिरणंसुद्धा शिक्षेला पात्र ठरलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' पत्राचे संपादक कुर्बान हुसेन या चौघांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. पुण्याहून सोलापूरला येणारी ती गाडी हुतात्मा एक्स्प्रेस म्हणवते ती यांच्यामुळे. ज्या डब्यात बसून आम्ही 'मेला तरी दुसरा येतोय' बघतो, त्या डब्याचं नाव जे परत आले नाहीत त्यांचं आहे.

उद्या कुणी यावर मालिका काढलीच, तर पहिला मोह कुठला असेल ते मला आत्ताच दिसतंय. आयटीतला एक सोलापुरी पोरगा, पाठीवर सॅक, थेट १९३०मध्ये. त्याला शेवट माहीत आहे. तो चौघांना वाचवतो, चार पुतळा चौकातून पुतळे हळूहळू विरतात, पार्श्वसंगीत, शेवट. कृपा करून हे करू नका. फाशी ही त्यांच्या गोष्टीतली चूक नव्हती, की जी पॅच टाकून सुधारायची. त्यांना शेवटाची कल्पना नव्हती असंही समजू नका. परतीची वाट नाही हे ठाऊक असताना माणसं काय करतात, याची ती गोष्ट आहे. त्यांना अनडू दिलंत तर त्यांचा निर्णयच त्यांच्याकडून काढून घेतलात.

विचारण्यासारखे प्रश्न दुसरे आहेत. लष्कर चार दिवस उशिरा आलं असतं तर? मोकळ्या सोलापुरात पाचव्या दिवशी धान्य कुणी वाटलं असतं? गिरणी मालक आणि गिरणी कामगार एका झेंड्याखाली किती दिवस टिकले असते? मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात हुकूम कुठल्या भाषेत निघाले असते? हे 'जर-तर' छाती फुगवत नाहीत, झोप उडवतात. पर्यायी इतिहासाचं काम तेच आहे.

यावर दोन उत्तरं येतील, ती आधीच घेतो. पहिलं: "एव्हरेटच्या हिशेबानं सगळ्याच फांद्या खऱ्या, मग मेलेला नायक कुठेतरी जिवंत असणारच ना?" असेल. पण त्या सिद्धान्तात फुटून दूर गेलेल्या फांद्यांमध्ये लोकल धावत नाही. तुम्हाला याच फांदीत सुतक पाळायचंय. दुसरं उत्तर: "अरे, टाइमपास आहे, एवढं काय?" टाइमपास या शब्दातच काळ आहे, एवढंच म्हणतो. आणि टाइमपास असेल तर सवय का लागते? माझ्या पिढीत चारजण जमले की गप्पा फांद्यांवर येतात. मेकॅनिकलऐवजी कॉम्प्युटर घेतलं असतं तर, ती ऑफर सोडली नसती तर, पुण्यात चार वर्षं आधी फ्लॅट घेतला असता तर. आम्ही आमच्या आयुष्याचे चाहते असल्यासारखे त्याच्या 'काय झालं असतं'च्या थिअऱ्या मांडत बसतो, आणि चालू एपिसोड तसाच पळत असतो.

सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते. चौघे परतले, हे थांबले, आणि १९४२ साली तिथेच वारले. परतले असते तर? बत्तिसाव्या वर्षी गेले नसते कदाचित. पण त्यांनी थांबायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याकडे एकच फांदी होती. आजही त्या निर्णयाला वजन आहे ते म्हणूनच.

माझे आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीत होते. 'गिरणी चालू राहिली असती तर' हे वाक्य मी लहानपणी घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं, एक त्यांचं तोंड सोडून. त्यांनी गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा दुकान टाकलं. ते फार चाललं असंही नाही. पण त्याच दुकानाच्या हिशेबाच्या वह्यांच्या मागच्या पानांवर मी बेरजा शिकलो.

त्या शुक्रवारी कुर्डुवाडी गेल्यावर मित्राचा एपिसोड संपला. म्हटल्याप्रमाणे दुसऱ्या टाइमलाइनमधला नायक आला होता. "कसा वाटला?" मी विचारलं. त्यानं इअरफोन गुंडाळत जरा विचार केला. "मस्तय. पण पहिला आठवायलाय बे."

मालिका लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. तो पहिला ज्याला आठवतोय, त्याच्यासाठी लिहा. फांद्या हव्या तेवढ्या फोडा, नियम आधी सांगा, आणि बिल चुकवू नका. सोलापुरात या, चार पुतळ्यांपाशी उभे राहा, १९३०मध्ये जाऊन या. पण चौघांना वाचवून परत येऊ नका.